तीनदा विचारलेला प्रश्न

मंगळवारी चांगुणाच्या पायावर डोकं टेकवणाऱ्या बाया बुधवारी तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायच्या. चांगुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मंगळवारचं डोकं तुळजापूरच्या आईसाठी होतं आणि बुधवारची ओंजळ तिची स्वतःची होती, इतकं ते सरळ होतं. वावगं वाटायचं ते तिच्या पोराला, मच्छिंद्रला. पण तो लहान होता आणि त्याला कुणी विचारत नव्हतं.

तेरणेच्या काठचं खडकवाडी हे त्यांचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला त्यांची वस्ती. दर मंगळवारी दुपारी चांगुणाच्या दारात बाया जमत. ती केस मोकळे सोडी, कपाळभर मळवट भरी, समोर परडी ठेवी. थोड्या वेळानं तिची मान घुमू लागे आणि तिच्या तोंडून भलताच जाड, घोगरा आवाज निघे. मग बाया एकेक करून विचारत. म्हैस गाभण राहील का? मुंबईला गेलेला दीर परत येईल का? लेक त्या घरात द्यावी का? परसातलं तांब्याचं घंगाळ कुणी उचललं? आवाज उत्तरं देई. वारं उतरलं की चांगुणा घामानं निथळत बसे आणि लेकालाच विचारी, "काय म्हणले रं म्या?"

पुढं छप्पन्न साल आलं. नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आणि काही महिन्यांत खडकवाडीच्या वस्तीनंही बुद्धाला शरण जायचं ठरवलं. घराघरातले देव बाहेर निघाले. काही म्हाताऱ्या रडल्या. चांगुणाला मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. तिनं आपण होऊन परडी आणि कवड्यांची माळ पदरात बांधली, नदीत कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि सोडून दिली. त्या दिवसापासून तिच्या अंगात कधी आलं नाही. वरच्या आळीच्या बाया त्यानंतरही चार मंगळवार येऊन पाहून गेल्या. ती दारातच सांगायची, "माझ्या घरी आता बुद्ध हाय."

मग गावात एक बोल उठला. "सोंग हुतं समदं. खरंच देवी असती तर अशी गुमान सोडून गेली असती व्हय?"

हा बोल मच्छिंद्रनं शाळेत ऐकला, पाणवठ्यावर ऐकला, आणि तो त्याच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला. देवी खरी म्हणावी, तर बाबासाहेबांचा रस्ता खोटा ठरत होता. देवी खोटी म्हणावी, तर आई लबाड ठरत होती. पोराला दोन्ही नको होतं. आईला विचारायची हिंमत होत नव्हती, आणि आई त्या मंगळवारांचं नाव काढत नव्हती. मायलेकरांत तेवढी एक गोष्ट न बोलता पडून राहिली.

तो शिकला. औरंगाबादला गेला, वसतिगृहात राहिला, आणि मित्र वकिली नाहीतर सरकारी नोकरीची वाट धरत असताना यानं मानसशास्त्र घेतलं. का घेतलं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

एकदा कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रीक लोकांच्या देववाण्यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक त्याच्या हाताला लागलं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यानं ते वाचलं. डेल्फी नावाच्या ठिकाणी तीन पायांच्या आसनावर एक बाई बसे, तिच्या अंगात देव येई आणि मोठमोठे राजे तिला विचारायला येत. डोडोना नावाच्या दुसऱ्या ठिकाणी साधी माणसं शिशाच्या पट्टीवर प्रश्न कोरून देवापुढं ठेवत. जमिनीत पुरलेल्या त्या पट्ट्या पुढं सापडल्या होत्या. मेंढ्या पाळू का? बायकोच्या पोटातलं मूल माझंच ना? आमचं अंथरूण-पांघरूण कुणी चोरलं? मच्छिंद्रनं पुस्तक मिटलं. इतक्या लांबचे, इतक्या जुन्या काळातले लोक, आणि प्रश्न मात्र थेट आपल्या आईच्या दारातले. ज्या लोकांना सारं जग शहाणं म्हणतं, तेही अशा बाईपुढं बसत होते, हे कळून त्याला का कुणास ठाऊक, हलकं वाटलं.

त्याच वर्षी त्यांच्या सरांनी वर्गात एक प्रयोग केला. दोऱ्याला अंगठी बांधून मच्छिंद्रच्या चिमटीत दिली. "हात अजिबात हलवायचा नाही," ते म्हणाले. "फक्त मनात आणा, अंगठी गोल फिरतेय." मच्छिंद्रनं हात दगडासारखा धरला. अंगठी थोडा वेळ लोंबकळली, थरथरली आणि हळूहळू गोल फिरू लागली.

"सर, मी हलवत नाही हो!"

"मला माहीत आहे," सर म्हणाले. "पण हलवतोय तुमचाच हात. मनात आलेली गोष्ट हातापर्यंत पोचते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. आपण जे जे करतो, ते सगळं आपणच केलं असं आपल्याला वाटतंच असं नाही."

पोरं हसली. मच्छिंद्र हसला नाही. हात जर मालकाला न कळता हलतो, तर जीभ का नाही? लबाडी आणि देवी यांच्या मधून जाणारी एक वाट त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. पण ती वाट आईपर्यंत न्यायची कशी, हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागली.

*

बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली तेव्हा मच्छिंद्र उस्मानाबादच्या कॉलेजात शिकवत होता आणि तिथंच एका खोलीत भाड्यानं राहत होता. आईनं आपल्याजवळ येऊन राहावं म्हणून त्यानं खूप सांगून पाहिलं. चांगुणा म्हणाली, "समदी वस्ती खडी फोडतीया आन् म्या तुझ्या खोलीत पंख्याखाली बसू?" आणि ती पाझर तलावाच्या कामावर जायला लागली. सारा गावच त्या कामावर होता. ज्यांच्या वाड्यात तिला उंबरा ओलांडू देत नसत, त्या घरच्या सुनाही तिच्याशेजारी बसून हातोडा चालवत होत्या. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी कोरडं खाणं, वाटली जाई, ती सगळ्यांना एकाच घमेल्यातून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मच्छिंद्र आईला भेटायला कामावर गेला होता, त्या दिवशीची गोष्ट. वरच्या आळीची द्वारकाबाई पदराखाली पोर घेऊन चांगुणापुढं आली. पोरगी दीड-दोन वर्षांची होती. रात्रीपासून उलट्या-जुलाब, डोळे खोल गेलेले, ओठांवर पापुद्रा.

"चांगुणाबाई," द्वारकाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "तुमी सोडलं हे ठावं हाय मला. पर येकडाव. माझ्यासाठी येकडाव आईला इचारा. न्हायतर चिमूटभर अंगारा तरी लावा." आणि ती खाली वाकली.

चांगुणानं पाय असे मागं ओढले की जणू विस्तव लागला. "अंगारा?" ती ओरडली. आजूबाजूचे हातोडे थांबले. "अंगारा लावून पोर बरं व्हतंय व्हय? ऊठ! ऊठ आधी!"

आईला एवढं चिडलेलं मच्छिंद्रनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं हातोडा टाकला, पोरगी काखेत घेतली आणि उन्हातून तरातरा सडकेकडं निघाली. मागून द्वारकाबाई रडत, त्यामागून मच्छिंद्र. मुरूम टाकून परत निघालेला एक ट्रक तिनं आडवा उभा राहून थांबवला. ड्रायव्हर बिभीषण नावाचा भला माणूस होता. पोरीकडं एकदा बघून त्यानं नुसतं दार उघडलं.

उस्मानाबादच्या दवाखान्यात पोरीला सलाईन लावलं. दिवस कलायच्या आत ती टाहो फोडून रडू लागली आणि नर्स म्हणाली, आता भ्यायचं कारण नाही. द्वारकाबाई आत पोरीजवळ बसली. चांगुणा बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकली. मच्छिंद्रनं तिला चहा आणून दिला. तिनं तो हातातच धरून ठेवला.

"मच्छिंद्रा," ती म्हणाली, "येक पोर मारलंय म्या."

तो तिच्याशेजारी खाली बसला.

"ज्ञानोबाची सिताबाई. आठवती का तुला? तिचा पह्यला ल्योक. तापानं नुसता फणफणला हुता. आईला इचारायला घेऊन आली. वारं उतरल्यावर बायांनी मला सांगितलं, आई म्हणली, अंगारा लावा, उतरंल. तिसऱ्या दिवशी पोर गेलं." तिनं चहा खाली ठेवला. "त्याच्यानंतर वर्साच्या आत दीक्षेचं निघालं. म्या म्हणलं, बरं झालं. लोक म्हणतात चांगुणानं धम्मासाठी परडी सोडली. धम्मासाठी सोडलीच. पर त्या पोरासाठीबी सोडली."

"माय, पण तू मुद्दाम तर—"

"तेच तर मला कळंना झालंय!" ती म्हणाली. "देवी खरी हुती, तर आपुन बुद्धाच्या रस्त्यावर येताना येवढी गुमान कशी गेली? आन् देवी न्हवती, तर त्या आवाजात कोण बोलत हुतं? म्याच ना? म्हंजी म्या सोंग करत हुते आन् माझं मलाच ठावं न्हवतं? असं कुठं आसतंय का?"

 जो काटा आपण एकट्यानं वागवतो आहोत असं मच्छिंद्रला इतकी वर्षं वाटत होतं, तोच काटा तिच्याही काळजात होता.

"आसतंय," तो म्हणाला. "उद्या दाखवतो तुला."

*

सकाळी खोलीवर चहा झाल्यावर त्यानं आपल्या कुलपाची किल्ली दोऱ्याला बांधली आणि तिच्या चिमटीत दिली. सरांनी सांगितलं होतं तसंच सांगितलं. चांगुणानं खडी फोडून घट्टे पडलेला हात ताठ धरला. किल्ली आधी थरथरली, मग गोल फिरू लागली, चांगली भाकरीएवढा घेर घेऊन.

"म्या न्हाय हलवत," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. पण हात तुझाच हलतोय. तुझ्या मनात जे येतंय, ते तुला न सांगता हातात उतरतंय. तसंच तेव्हा जिभेवर उतरायचं. तू दारात बसलेल्या बायांची सुखदुःखं वर्षानुवर्षं ऐकलेली. कुणाची सासू कशी, कुणाचा नवरा कसा, सगळं तुझ्या डोक्यात. समोरची काय ऐकायला आलीय, तेही तिच्या तोंडाकडं बघून कळायचं. त्यातनं उत्तर तयार व्हायचं, आणि ते आपण तयार केलं याचा तुला पत्ता नसायचा. लांब ग्रीस देशात अशा बायांना राजे विचारायला यायचे. त्याही सगळ्या लबाड नव्हत्या."

"आन् सांगितलेलं खरं कसं व्हायचं?"

"सगळं कुठं व्हायचं? खरं झालं ते बाया दहा ठिकाणी सांगायच्या. खोटं झालं ते विसरायच्या."

चांगुणानं किल्ली मांडीवर ठेवली. 

"म्हंजी देवी न्हवती."

"नव्हती."

"आन् म्या लबाड न्हवते."

"नव्हतीस, माय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मच्छिंद्रला वाटलं, आता हिचं ओझं उतरलं. पण ती म्हणाली, "लबाड न्हवते हे बरं झालं. पर पोर गेलं ते गेलंच. सिताबाईनं मला इतकी वर्सं काय म्हणलं आसंल मनात? चल. ढोकीला जाऊ. तिला सांगू."

"आता कशाला? जुनी जखम—"

"तिची जुनी न्हाय रं झाली," चांगुणा म्हणाली. "माझी झाली न्हाय, तिची कशी व्हईल?"

*

ज्ञानोबाला ढोकीच्या साखर कारखान्यात काम लागल्यापासून ते घर तिकडंच राहत होतं. त्या वर्षी ऊस नव्हता, त्यामुळं वसाहत सुनीसुनी होती. ज्ञानोबा टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभा होता. सिताबाई घरात एकटीच होती. चाळिशीकडं झुकलेली, वाळकी, शांत बाई. चांगुणाला दारात बघून ती उभीच राहिली, मग बाजूला सरून म्हणाली, "या चांगुणाबाई. आत या."

खडकवाडीत ती "चांगुणे" म्हणायची आणि आत कधी बोलवायची नाही. मच्छिंद्रच्या ते ध्यानात आलं. चांगुणाच्या आलं की नाही, कोण जाणे. ती सतरंजीच्या कडेला बसली आणि खाली बघून एका दमात बोलून गेली. "सिताबाई, तुमच्या पोराचं म्या सांगायला आले. त्या दिवशी देवी बोलली न्हाय. माझंच मन बोललं. मला कळलं न्हाय ते माझंच हाय. माझ्या बोलापायी तुमचं पोर दवाखान्यात गेलं न्हाय."

 सिताबाईनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं, दोघांपुढं ठेवलं.

"तुमाला खरंच ठावं न्हाय?" तिनं विचारलं.

"काय?"

"तुमी न्या म्हणला हुता."

चांगुणानं मान वर केली.

"पह्यल्यांदा इचारलं तवा तुमी घुमत घुमत म्हणलात, गाडी जुपा, उस्मानाबादला न्या. साफ म्हणलात." सिताबाईचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "मागं सासूबाई बसल्या हुत्या, मथुराबाई. पेरणी चालू हुती. ओल उडून जाईल म्हणून बैल तिफणीला, गाडीला न्हवते. त्यांनी माझ्या पाठीत कोपर मारलं. म्हणल्या, आईला नीट इचार. म्या परत इचारलं. तुमी नुसत्याच घुमत ऱ्हायलात. म्या तिसऱ्यांदा इचारलं, आई, अंगाऱ्यानं व्हईल का बरं? तवा तुमी म्हणलात, लावा, उतरंल."

बाहेर कुठं तरी हंडे वाजत होते.

"मग बायांनी मला ते का न्हाय सांगितलं?" चांगुणा पुटपुटली.

"शेवटचं उत्तर तेच खरं, म्हणून आसंल. सासूबाई समद्यांला तेवढंच सांगत हुत्या." सिताबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. "मला वाटत आलं, तुमाला समदं ठावं हाय. माझी अब्रू झाकायला तुमी गप ऱ्हायलात. गाव तुमाला सोंगाडी म्हणालं, तवाबी तुमी तोंड उघडलं न्हाय. म्या मनात म्हणायची, ही बाई माझ्यासाठी बोल खातीया. आन् तुमाला येऊन सांगायची माझी छाती झाली न्हाय."

 मच्छिंद्रच्या खिशात दोऱ्याला बांधलेली किल्ली होती. सिताबाईलाही दाखवायची म्हणून आईनंच ती घ्यायला लावली होती. त्यानं ती बाहेर काढली नाही.

"गुर्जी," सिताबाई त्याच्याकडं वळून म्हणाली, "तुमी शिकलेले हाव. न्या म्हणल्यावर म्या परत का इचारलं?"

काही तरी बोलणं भाग होतं. "सगळी माणसं विचारतात," तो म्हणाला. "ग्रीस देशात अथेन्स नावाचं मोठं गाव होतं. त्यांच्यावर शत्रू चालून आला. त्यांनी देवाच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, पळा, सगळं सोडून पळा. ते त्यांना सोसलं नाही. ते परत गेले आणि म्हणाले, आणखी काही बरं सांगा, त्याशिवाय उठत नाही. मग तिनं दुसरं उत्तर दिलं. माणूस पहिल्या उत्तरावर उठत नाही, सिताबाई. मनाजोगं येईस्तोवर विचारतो. अडाणी आणि शिकलेला, दोघंही."

"मग त्यांचं काय झालं?"

"गाव जळालं. पण त्यांनी बायापोरं जहाजात घालून आधीच पलीकडं नेली होती. ती वाचली."

"म्हंजी त्यांनी न्हेली," सिताबाई म्हणाली.

मच्छिंद्रला आपण काय बोलून बसलो ते कळलं.  

चांगुणा उठली आणि सिताबाईजवळ जाऊन बसली. तिनं तिचा हात हातात घेतला नाही की तिला जवळ घेतलं नाही. इतक्या वर्षांची रीत अशी एका घटकेत मोडत नाही. ती नुसती खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ बसली आणि म्हणाली, "वासरांच्या मागं पळायचं तुमचं पोर. नदीला जाताना दिसायचं मला. कमरेला करगोटा आन् हातात चिपाड."

सिताबाईचे ओठ हलले. "येकेका वासराला ते येकेक नाव द्यायचं," ती म्हणाली. आणि मग इतका वेळ कोरडी बसलेली ती बाई पदरात तोंड घालून रडली. सासूपुढं रडता आलं नव्हतं आणि नवऱ्यापुढं ते नाव निघत नव्हतं. चांगुणा मधून मधून एखादी आठवण काढत राहिली, सिताबाई दोन सांगत राहिली. मच्छिंद्र बाहेर येऊन ओट्यावर बसला. उस्मानाबादची एसटी आली आणि गेली. त्यानं आत हाक मारली नाही.

रांगेतून परतलेल्या ज्ञानोबानं त्याला ओट्यावर बघितलं, आतलं रडणं ऐकलं, आणि हंडे खाली ठेवून तोही त्याच्याशेजारी बसला. 

*

पुढच्या साली पाऊस झाला. तलाव भरला, कारखान्याची चिमणी पुन्हा धूर सोडू लागली. चांगुणा खडकवाडीतच राहिली. कुणी आजारी पोर घेऊन दारात आलं, की ती चपला पायात सारून त्यांच्याबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत जायची. गाडीत बसवल्याशिवाय मागं फिरायची नाही, आणि वाटेत कुणी म्हणालं, "जरा थांबून बघू का?" तर त्याला बोलूच द्यायची नाही. तिच्या या वागण्यालाही गावानं नावं ठेवली. ढोकीच्या बाजाराला गेली की सिताबाईकडं तिची एक खेप ठरलेली असे. दोघी मिळून ज्वारी निवडत बसत.

मच्छिंद्र कॉलेजात शिकवत राहिला. मन आणि देववाणी यांवर त्यानं एकदा एक लेख लिहायला घेतला होता. डेल्फीची बाई, किल्ली, लोक कोणतं उत्तर लक्षात ठेवतात आणि कोणतं विसरतात, सगळं त्यात नीट आलं होतं. सिताबाईच्या 'म्हंजी त्यांनी न्हेली' या वाक्यापाशी मात्र तो अडला, आणि ते गाळून लेख पुरा करावासा त्याला वाटला नाही.

चौऱ्याऐंशी साली चांगुणा गेली. वस्तीतल्या विहारापुढं पांढऱ्या लुगड्यातल्या बाया बसल्या होत्या, वंदना चालू होती. ढोकीहून पहिल्या गाडीनं निघालेली सिताबाई शेवटच्या ओळीत येऊन बसली, डोक्यावर पदर घेऊन. तिला ते पाली शब्द येत नव्हते. शेजारी द्वारकाबाईची लेक होती, आता परकर-पोलक्यातली. तिला वस्तीतल्या मैत्रिणींमुळं ते पाठ होते. ती एकेक शब्द हळूच सिताबाईच्या कानात सांगत होती आणि सिताबाई तो मागोमाग म्हणत होती.